देवीचे पाय कोरडे राहावेत म्हणून

गळ्याची शपथ, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. म्हणजे मी तिथं नव्हतो. ज्यानं मला सांगितली तोही नव्हता, आणि तसा तो थापाड्याच होता. पण शपथ घेऊन झालीय, तर आता खरी धरून चला.

फार फार वर्षांपूर्वी एका तळ्याकाठी एक गाव होतं. गावात गुऱ्हाळंच गुऱ्हाळं. त्यांच्या चुली कधी विझायच्या नाहीत, आणि चुलींची राख रोज तळ्यात जायची. राख बुडायची, दिसेनाशी व्हायची. दिसत नाही म्हणजे संपली, असं सगळे समजायचे.

तळ्याच्या घाटावर दगडाची एक छोटीशी देवी होती. तिचे पाय ओले होऊ द्यायचे नाहीत, ही गावाची रीत. पाणी पायाशी आलं की ठकू गुरवीण देवीला उचलून एक पायरी वर ठेवायची. तिच्या सासूनं हेच केलं होतं, सासूच्या सासूनंही.

गावात दोन आळ्या. वरची म्हणायची, "राखेनं तळं भरत चाललंय. पाणी चढतंय."

खालची म्हणायची, "कुठं चढतंय? देवीच्या पायाशी तर आहे. आजोबांच्या वेळीही पायाशीच होतं."

यावर वरचे शिव्या द्यायचे.

राख मात्र दोघंही टाकायचे. खालचे छाती काढून टाकायचे. वरचे टाकताना दुःखानं मान हलवायचे.

ठकूचं घर खालच्या आळीत, अगदी शेवटचं. घरात ती आणि एकुलता एक मुलगा, म्हाळू. सभेत म्हाळू खालच्यांच्या पहिल्या रांगेत बसायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचा.

एका सकाळी ठकूच्या चुलीजवळ मासा पोहत होता.

ठकू खालच्या कारभाऱ्याकडे गेली. "कारभारी, घरात मासा आलाय."

"मग तळून खा की, ठकूबाई. घरपोच आला."

ती वरच्या कारभाऱ्याकडे गेली. "अण्णा, निदान तुम्ही तरी राख थांबवा. माझं पोर बुडेल हो."

"आम्ही थांबवायची आणि त्यांनी टाकायची? वा! आधी त्यांना म्हणावं, चुकलो म्हणा. मग बघू."

दुसऱ्या दिवशी ठकू देवीला उचलायला घाटावर गेली, तर देवी जागेवर नव्हती.

पायऱ्यांवर ओली पावलं उमटली होती. लहान मुलीची असावीत, एवढीएवढीशी. ती घाट चढून गेली होती, दोन्ही आळ्यांमधून, कुठल्याच दारापाशी न थांबता. ठकू त्यांच्या मागं गेली. डोंगरमाथ्यावर देवी बसली होती, गावाकडे पाठ करून.

ठकू धावत खाली आली तोवर चावडीत सभा भरलेली, पाणी चढतंय की नाही यावर हात वर करून मतदान चाललेलं. खालचे म्हणत होते, "देवी हवा खायला गेलीय." वरचे म्हणत होते, "शेवटी आमच्या आळीतून गेली, म्हणजे ती आमची." सभेला पाणीही आलं होतं. बसलेल्यांच्या कमरेपर्यंत.

"म्हाळू, ऊठ! डोंगरावर चल."

"आई, हळू बोल. मी आत्ता उठलो तर पाणी आलंय असं होईल."

"आलंयच की रे! तुझ्या मांडीवर बेडूक बसलाय!"

"तो वरच्या आळीचा आहे."

वरचेही उठत नव्हते. खालच्यांनी 'चुकलो' म्हटल्याशिवाय त्यांना जायचं नव्हतं.

ठकूनं म्हाळूचा हात ओढला. तो मतासाठी वर केलेला होता आणि दगडासारखा ताठ झाला होता. पाणी गळ्याशी आलं. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. पाण्यावर नुसते हात उरले, दोन बाजूंना, रांगेत. मग तेही उरले नाहीत.

ठकू त्या ओल्या पावलांवरून एकटीच डोंगर चढली.

आता तिथं मोठं, सपाट तळं आहे. तिन्हीसांजेला त्यावर बुडबुडे येतात, दोन रांगांत. कान लावला तर एका रांगेतून ऐकू येतं, "कुठं चढतंय?" आणि दुसऱ्या रांगेतून, "आधी चुकलो म्हणा."

ठकू रोज भाकरी घेऊन काठावर यायची आणि हाक मारायची, "म्हाळू, जेवायला चल रे!"

एक बुडबुडा हळूच वर यायचा आणि फुटायचा.

"आलोच गं आई. एवढं मतदान होऊ दे."

तात्पर्य: समोरचा खरा ठरू नये म्हणून जो जागचा हलत नाही, तो समोरच्यासोबतच बुडतो.

चला, गोष्ट झाली. आता मूठमूठ शेंगदाणे काढा. उद्या देतो म्हणू नका. तुम्ही बसलाय ती सतरंजी मघापासून ओली लागतेय मला.