रस्ता गप्प बसला

तात्यासाहेब मगदूमांच्या यंत्रमागांची आणि शाळेची भिंत एकच. त्या खडखडाटात गुरुजी धडा वाचून दाखवायच्या भानगडीत पडत नसत, फळ्यावर लिहूनच काढत. तक्रार जुनी होती. आवाज मोजायला प्रदूषण मंडळाच्या शैलजाबाई तारदाळे आज तिसऱ्यांदा आल्या होत्या, कारण आधीचे दोन्ही अहवाल तात्यासाहेबांनी वरच्या ओळखीनं "पुन्हा मोजा" म्हणून माघारी धाडले होते.

बाईंनी शाळेच्या अंगणात स्टँड उभा केला, त्यावर मीटर बसवला. आकडा आला ब्याऐंशी डेसिबल.

"मॅडम, हा आवाज माझा नव्हंच!" तात्यासाहेब त्यांच्या कानाशी येऊन ओरडले. "समोरच्या रस्त्याचा हाय. ट्रका बघा की किती! तसंच लिवा."

वाद घालायचं त्राण बाईंच्यात उरलं नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या, "मग रस्त्याचाच मोजू. तुमचे माग तेवढे दहा मिनिटं बंद ठेवा, म्हणजे निव्वळ रस्त्याचा आकडा मिळेल."

बाई नमल्या म्हणून तात्यासाहेब खूश. त्यांनी हात वर केला, तसे माग थांबले. रस्त्यावर ट्रका धावतच होत्या. गुरुजींनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "लाइट गेली काय हो?"

मीटरवर अठ्ठावन्न.

बाईंनी कागद पुढं केला. "तुमच्या म्हणण्याप्रमाणं लिहिलंय, तात्यासाहेब. आवाज रस्त्याचाच. खाली एवढंच जोडलंय, की तुमचे माग थांबले की हा रस्ता गप्प बसतो. करा सही."