झाकलेली भुई

माळावर वसलेल्या एका गावात गोजराबाई नावाची एक बाई राहायची. नवरा मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ परमुलखात असायचा. मूलबाळ नव्हतं. पण तिच्या घराला एक मान होता आणि त्या मानावरच ती जगत होती. चैत्रात गावदेवीची पालखी निघे, तेव्हा देवीच्या गळ्यात पडणारा हार गोजराबाईच्या घरचा असे. फुलं विकत आणायची नाहीत, कुणाकडे मागायची नाहीत, आपल्याच परसात वाढवायची, अशी रीत होती. मान सासूकडून तिच्याकडे आला होता. ज्या चैत्रात परसात फूल नसेल, त्या चैत्रात मान दुसऱ्या घरी जाणार, हेही सासूनं जाताना बजावलं होतं.

सासूच्या वेळी परसात चाफा होता, कण्हेर होती. दोन्ही माळावरचीच झाडं. पावसाळ्यात पोटभर पिऊन घेत आणि उन्हाळा निमूट काढत. गोजराबाईला मात्र ती दरिद्री वाटायची. तिची बहीण नदीकाठच्या बागाईत गावात दिली होती. तिथल्या दारातले गुलाबाचे ताटवे बघून हिचे डोळे दिपले. घरी येऊन तिनं चाफा तोडला, कण्हेर उपटली आणि बहिणीकडची रोपं आणून सगळं परस गुलाबांनी, निशिगंधानं भरून टाकलं. बहिणीच्या दारात पाटाचं पाणी खळाळतं, आपल्या गावात एकच आड आहे, एवढा साधा विचार काही तिच्या मनात आला नाही.

दुसरी एक चूक ती रोज सकाळी करायची आणि त्याबद्दल गाव तिचं कौतुक करायचं. अंगण झाडून झालं की ती तोच खराटा घेऊन परसात शिरे. देवीच्या फुलांखाली केर नको, म्हणून झाडांच्या बुडातलं पानन्‌पान खरडून काढी आणि कोपऱ्यात पेटवून देई. परस कसं आरशासारखं लख्ख! आळीतल्या बाया मुद्दाम बघायला येत. ज्या हातानं रोज भुई उघडी करायची त्याच हातानं तिला पाणी पाजायचं, यातला वेडेपणा कुणाच्याच ध्यानात येत नव्हता. उन्हानं माती विटेसारखी भाजून निघे. ओतलेलं पाणी निम्मं वरून वाहून जाई आणि निम्मं ऊन पिऊन टाकी. संध्याकाळी रोपांनी पुन्हा माना टाकलेल्याच असत.

एका वर्षी पाऊस ओढ देऊन गेला. फाल्गुनातच आडाचा तळ दिसायला लागला. गावानं पाळी लावली. वरच्या आळीपासून सुरुवात करायची, प्रत्येक घरानं ठरलेल्या घागरी शेंदायच्या, आणि खालच्या आळीतल्या शेवटच्या घरानं उरेल ते घ्यायचं. मानाचं घर म्हणून पहिली पाळी गोजराबाईची. ती आपल्या घागरी भरायची आणि मग आणखी एक घागर आडात सोडायची.

कुणी हटकलं तर म्हणायची, “ही घागर माझी न्हाई बाबा. देवीची हाय.”

देवीचं नाव घेतल्यावर कोण काय बोलणार? लोक गप्प बसत. शेवटचं घर ठकूबाईचं होतं. तिच्या वाट्याला गाळ यायला लागला. तो फडक्यातून गाळून ती दिवस काढत होती.

अशात ठकूबाईची लेक सारजा बाळंतपणाला माहेरी आली आणि जत्रेच्या तोंडावर बाळंत झाली. पालखीच्या आदल्या दिवशी ठकूबाई गोजराबाईच्या दारात येऊन उभी राहिली. ओट्यावर दोन घागरी भरलेल्या होत्या. तिकडे न बघता ती म्हणाली, “आक्का, घरात वली बाळंतीण हाय. एक घागर द्या. माझ्या पाळीला परत करते.”

गोजराबाईनं परसाकडे पाहिलं. गुलाबाच्या कळ्या उमलायच्या बेतात होत्या आणि पानं कोमेजून खाली आली होती. आज पाणी मिळालं नाही, तर उद्या एकही फूल उघडणार नव्हतं.

“दिली आसती गं,” ती म्हणाली, “पन उद्या देवीला काय वाहू? मान जाईल माझा.”

ठकूबाई मागे वळली. रिकामी घागर काखेला लावून ती उतरून गेली. गोजराबाईनं दोन्ही घागरी गुलाबांना घातल्या. त्यातलं किती मुळांपर्यंत गेलं आणि किती भेगांत गडप झालं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी हार झाला, आणि खरंच सुंदर झाला. धोंडिबा गुरवानं तो देवीला घातला आणि पालखी निघाली. भर उन्हात भोई अनवाणी चालत होते. दारोदार बाया पुढे होऊन त्यांच्या पायांवर पाणी घालत, नारळ देत, आणि पाय भिजले की पालखी पुढे सरकत असे. पाणी पडल्याशिवाय दार सोडायचं नाही, ही त्या गावची जुनी चाल. अशी दारं घेत घेत पालखी ठकूबाईच्या दारी आली.

ठकूबाई तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं तो भोयांच्या पायांवर उपडा केला. तांब्यातून थेंबसुद्धा पडला नाही.

“आई,” ती देवीकडे बघून म्हणाली, “कालपास्नं घरात पानी न्हाई. बाळाची आंगूळ न्हाई. तुझ्या पायांला कुठनं आनू?”

वाजंत्री थांबली. भोई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे राहिले, कारण खालची माती पोळत होती. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. आतून तेवढं तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. देवीच्या गळ्यातले गुलाब टवटवीत होते, आणि गोजराबाईला त्या हाराकडे बघवेना. ती गप्प राहिली असती तर चाललं असतं. दुसऱ्या कुणीतरी पाणी आणलं असतं आणि पालखी पुढे गेली असती. तिला त्या घटकेला फार लाज वाटली, आणि ही लाजच तिच्या कामी आली.

ती गर्दीतून पुढे आली. “ठकूच्या घरचं पानी म्या घेतलंय,” ती म्हणाली. “ते त्या हारात हाय.”

मग ती घरी गेली. प्यायच्या पाण्याची घागर होती, ती उचलून आणली. भोयांच्या पायांवर ओंजळभर पाणी घातलं आणि उरलेली घागर बाळंतिणीच्या उशाशी नेऊन ठेवली. बाहेर येऊन गुरवाला म्हणाली, “मामा, आजपास्नं माझी पाळी शेवटी लावा. ठकूच्या बी मागं. त्यातनं फूल आलं तर फुडल्या चैत्रात हार देईन. न्हाई आलं, तर मान ज्येला द्यायचा त्येला द्या.”

गाव कबूल झालं. पण शेवटच्या पाळीवर गुलाब कसे जगणार? वैशाखात एकेक झाड वाळत गेलं. निशिगंधाची पात पिवळी पडून झोपली. गोजराबाई रोज परसाच्या दारात बसून बघायची आणि रडायची. आता झाडून तरी कुणासाठी काढायचं, म्हणून तिनं खराट्याला हात लावला नाही. वाऱ्यानं शेजारच्या लिंबाचा पाला उडून येई आणि भुईवर तसाच साचून राही.

एके दिवशी वाळलेलं एक झाड उपटायला ती खाली बसली. पाला बाजूला सारला आणि तिचा हात थबकला. खालची माती गार होती. नुसती गार नाही, ओलसर होती. आठवडा होत आला असेल, भांडी विसळलेलं पाणी तिनं तिथं फेकलं होतं. हातभर अंतरावर, उघड्या जागी, तिनं तेवढंच पाणी काल ओतलं होतं. तिथली माती नखानं उकरेना. गोजराबाईनं एक हात इथं ठेवला, एक तिथं ठेवला. इतकी वर्षं आपण भुईचं पांघरूण रोज ओढून काढत होतो आणि वर ती तापली म्हणून तिलाच बोल लावत होतो, हे तिला कळलं. आपण तोडलेला चाफा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला सासूची फार आठवण आली.

त्यानंतर ती एकटीच माळावर फिरून आली. भर वैशाखात, कुणी पाणी न घालता, कोणतं झाड हिरवं आहे तेवढंच तिनं पाहिलं. देवळामागच्या चाफ्याची फांदी तिनं आणली. चीक वाळेपर्यंत ती सावलीत ठेवली आणि पावसाच्या तोंडावर लावली. ओढ्याच्या कडेची कण्हेर आणली. ही दोन्ही तिनं लांब कुंपणाशी लावली, कारण त्यांना फारसं पाणी घालावं लागत नाही. मोगऱ्याचा मोह मात्र तिला आवरला नाही. त्याला तहान जास्त, म्हणून त्याची मोजकी रोपं तिनं मोरीच्या तोंडाशी लावली. अंघोळीचं पाणी आयतंच त्यांच्याकडे जाऊ लागलं. तहानेली आणि बिनतहानेची झाडं एका ओळीत बसवायची नाहीत, एवढं तिनं पक्कं ठरवलं.

पाऊस संपला तशी तिनं भुई झाकायला घेतली. लिंबाचा पाला, गव्हाचं काड, तुरीच्या बारीक मोडलेल्या काड्या, मिळेल ते तिनं चार बोटं जाड पसरलं. कडबा तेवढा घेतला नाही, तो जनावरांच्या तोंडचा. सगळं पहिल्याच फटक्यात जमलं असंही नाही. हौसेनं तिनं पाला अगदी खोडापर्यंत चढवला, तर एका मोगऱ्याचं खोड कुजलं. मग ती खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडू लागली. एकदा बियांनी भरलेलं गवत अंथरलं, तर पुढे महिनाभर तण उपटत बसावं लागलं. पाणी रोज शिंपडणं तिनं सोडलं. आठवड्यातून एकदा, सकाळच्या गारव्यात, पाला बाजूला करून ती सावकाश पाजायची आणि पाला परत सारखा करायची.

पुढचं वर्षही काही सुकाळाचं नव्हतं. चैत्र आला तेव्हा आड पुन्हा तळाला गेला होता. पालखीच्या आधी धोंडिबा गुरव परस बघायला आला आणि दारातच थांबला.

“गोजरा, आगं देवीच्या फुलांखाली हा केर?”

“मामा, आपुन उन्हात उघडं बसतो का?” ती म्हणाली. “मग भुईलाच का उघडी ठिवायची?”

तिनं पाला सारून गुरवाचा हात मातीवर टेकवला. गुरवानं चिमूटभर ओली माती उचलून बोटांत चुरून बघितली. कुंपणाशी चाफा फुलला होता, कण्हेरीला झुबके होते, मोरीकडून मोगऱ्याचा वास येत होता. गेल्या वर्षीपुढे हार बारीकच होणार होता. पण शेवटच्या पाळीच्या पाण्यातून, तेही पुरतं न वापरता, तो झाला होता.

पालखी देवळात परतल्यावर गुरव सगळ्यांदेखत म्हणाला, “गोजरा, मान तुझाच. फुडल्या वर्सापास्नं पाळी बी पहिली घे.”

गोजराबाईनं नकारार्थी मान हलवली. सासूनं विश्वासानं दिलेली वस्तू ती आपल्या हातानं घराबाहेर काढणार होती आणि घरात तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

“मामा, पाळी दरसाल फिरती ठिवा,” ती म्हणाली. “आन ज्या घराची पाळी शेवटी, त्या वर्साचा हार त्या घरचा. शेवटच्या दारात फूल फुललं, म्हंजी वरच्या आळीनं पानी नीट वापरलं आसं समजायचं. न्हाई फुललं, तर देवीला बी कळंल आन आपल्याला बी.”

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग खालच्या आळीतून कुणीतरी “व्हय, व्हय” म्हणालं आणि ते ठरून गेलं.

आता प्रत्येक घराची पाळी कधी ना कधी शेवटी येणार होती. त्यामुळे प्रत्येकाला परसात फूल हवं झालं. गोजराबाईनं चाफ्याच्या, कण्हेरीच्या फांद्या घरोघर दिल्या. ठकूबाईच्या दारात तर तिनं स्वतः बसून पाला अंथरला. बाया सुरुवातीला केर म्हणून नाकं मुरडत. एक उन्हाळा गेला आणि त्याच बाया एकमेकींच्या दारचा पाला मागून नेऊ लागल्या. जाळायला पाला म्हणून गावात उरला नाही.

पुढच्या चैत्रात पालखी निघाली तेव्हा गोजराबाई पहिल्यांदाच गर्दीत मागे चालत होती. तिच्या हातात काही नव्हतं. परगावाहून आलेल्या एका बाईनं देवीच्या गळ्यातली फुलं पाहिली आणि तिलाच विचारलं, “मावशी, हार कुनाच्या घरचा वं?”

गोजराबाईनं पदरानं डोळे टिपले.

“शेवटच्या घरचा,” ती म्हणाली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या गावची बाग बघून आपलं परस सजवू नये. आपल्या मातीला झेपेल तेच झाड लावावं, त्याच्या बुडाची भुई पाल्यापाचोळ्यानं झाकावी, आणि आपल्या फुलासाठी शेवटच्या घराची घागर कधी रिकामी ठेवू नये.