गोगलगायीने आणलेला निरोप

फार जुनी गोष्ट. तेव्हा मुंग्यांच्याही फौजा असायच्या. शेताच्या बांधाच्या एका बाजूला काळ्या मुंग्या राहायच्या, दुसऱ्या बाजूला तांबड्या. लढून लढून दोन्हीकडच्या दमल्या, तेव्हा युद्ध थांबलं. बांध कुणीच ओलांडायचा नाही, असं ठरलं. तहाची बोलणी गोगलगाय करायची. तिच्यासारखी मध्यस्थ शोधून सापडली नसती, कारण ती निरोप पोचवेपर्यंत धाडणारीचा राग निम्मा निवलेला असायचा.

एके सकाळी तांबड्यांच्या सेनापती ठकूबाईनं पाहिलं, तर काळ्यांची अख्खी फौज रांगेनं बांध चढत होती. तिनं लगेच गोगलगायीला पिटाळलं, "सांग त्यांना, एक पाऊल पुढं टाकलंत तर तह मोडला!"

पण ठकूबाईला दम कुठला? ती स्वतःच धावत बांधावर गेली आणि काळ्यांच्या सेनापतीवर ओरडली, "कोंडाबाई, थांब!"

कोंडाबाई चढतच राहिली. ठकूबाईनं चावायला तोंड उघडलं आणि ती तशीच थबकली. कोंडाबाईच्या तोंडात पांढरंशुभ्र अंडं होतं. मागच्या प्रत्येकीच्या तोंडातही होतं. पाट फुटून काळ्यांच्या वारुळात पाणी शिरलं होतं.

"अगं बाई, आता पाणी माझ्याकडंही येणार की!" म्हणत ठकूबाई माघारी पळाली.

संध्याकाळी गोगलगाय धापा टाकत बांधावर पोचली. तिथं अंड्यांचा एकच ढीग होता आणि त्याभोवती काळ्या-तांबड्या सरमिसळ बसल्या होत्या.

"कोंडाबाई," गोगलगाय खणखणीत आवाजात म्हणाली, "ठकूबाईंचा निरोप आहे. एक पाऊल पुढं..."

"हळू बोल गं," ठकूबाई कुजबुजली. "पोरं निजलीत."