ठमीचा दाणा आणि कीबोर्डची टोपी

सासवडात एक घर.
घराला एक भिंत.
भिंतीत एक बीळ.
बिळात कोण राहतं?
ठमी मुंगी! आणि तिची तीन पिल्लं.

पिल्लं सकाळपासून उपाशी.
"आई गं, भूक! आई गं, भूक!"

ठमी म्हणाली, "थांबा हं, राजांनो. आत्ता जाते, आत्ता येते. दाराबाहेर पाय टाकू नका. भांडू नका. कुणी हाक मारली, तर ओ देऊ नका."

दोन पावलं गेली. परत आली. "भांडू नका हं!"

मग निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

समोर होतं टेबल. टेबलावर होता राजगिऱ्याचा दाणा. लाडू चैतीने खाल्ला होता. चैती म्हणजे या घरातलं बाळ. खाते थोडं, सांडते फार. सांडलेलं आईने पुसलं. एवढा एकच दाणा राहिला.

पांढरा दाणा. गोल दाणा. गोड दाणा.

ठमीने दाणा डोक्यावर घेतला. घराकडे वळली. वाटेत लॅपटॉप. आ करून उघडा! वळसा घालायचा तर लांब. पिल्लं तर उपाशी.

"मधूनच जाते बाई," ठमी म्हणाली.

एक बटण. दोन बटणं. तीन बटणं. दाणा डुगडुगला. दाणा घरंगळला.

टुपुक!

पडला की फटीत!

ठमीने वाकून पाहिलं. दाणा दिसतो, पण निघत नाही. डोकं घातलं. डोकंच अडकलं. कसंबसं सोडवलं. ठमीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पिल्लांना काय देऊ?

ठमी लॅपटॉपला म्हणाली,
"लॅपटॉपदादा, लॅपटॉपदादा, दाणा दे!
दाणा पडला, की पिल्लं जेवतील."

लॅपटॉप म्हणाला, "घूं घूं. आत्ता नाही, इतक्यात नाही! मी मिटलो, की आई मला उचलेल. फळीवर उभं करेल. मग दाणा पडेल. पण मिटू कसा? आईचं पत्र अर्धं राहिलंय. बाबांना लिहितेय. बाबा लांब आहेत, बोटीवर. आणि माझी बटणं झालीत मुकी. चैतीने परवा ताक सांडलं ना! आता तो नवा कीबोर्ड लिहील, तेव्हा मी मिटेन."

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेजारीच होता नवा कीबोर्ड. काळा काळा. जाड जाड. बटणं केवढी उंच! ठमीला मान वर करावी लागली.

"कीबोर्डकाका, कीबोर्डकाका, पत्र लिही!
कीबोर्डने लिहिलं, की लॅपटॉप मिटेल.
लॅपटॉप मिटला, की दाणा पडेल.
दाणा पडला, की पिल्लं जेवतील."

कीबोर्ड म्हणाला, "खटक खटक! ऐकलास आवाज? साऱ्या गल्लीला ऐकू जाईल. पण आत्ता नाही, इतक्यात नाही! माझी वायर लॅपटॉपच्या भोकात शिरली, तर मी लिहीन. नुसतं खटक खटक करून पत्र होतं होय?"

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वायर टेबलावर वेटोळं घालून बसली होती. रुसली होती.

"वायरताई, वायरताई, भोकात शिर!
वायर शिरली, की कीबोर्ड लिहील.
कीबोर्डने लिहिलं, की लॅपटॉप मिटेल.
लॅपटॉप मिटला, की दाणा पडेल.
दाणा पडला, की पिल्लं जेवतील."

वायर म्हणाली, "आत्ता नाही, इतक्यात नाही! गेले होते की सकाळी. आईने ढकललं. खट्! नाही शिरले. उलटं करून ढकललं. खट्! नाही शिरले. आई म्हणाली, 'अगं बाई, हाही बिघडला!' बिघडला कसला? माझ्या तोंडावर बघ. टोपी आहे, टोपी! ती निघाली, तर मी शिरेन."

ठमीने पाहिलं. खरंच की! वायरच्या टोकावर इवलीशी टोपी. काचेसारखी. नीट बघितल्याशिवाय दिसायची नाही.

"टोपीबाई, टोपीबाई, निघ की गं!
टोपी निघाली, की वायर शिरेल.
वायर शिरली, की कीबोर्ड लिहील.
कीबोर्डने लिहिलं, की लॅपटॉप मिटेल.
लॅपटॉप मिटला, की दाणा पडेल.
दाणा पडला, की पिल्लं जेवतील."

टोपी म्हणाली, "आत्ता नाही, इतक्यात नाही! आम्ही नवे आहोत. नव्या वस्तूला आधी कुंकू लावतात. मग ती वापरायला घेतात. पंखा आला, कुंकू लागलं. मिक्सर आला, कुंकू लागलं. आम्हीच काय घोडं मारलंय? करंडा उघडला, कुंकू लागलं, की मी निघेन."

"तुझाही रुसवाच!" ठमी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

देवाच्या फळीवर कुंकवाचा करंडा. पितळेचा. गोल पोटाचा.

"करंडेबुवा, करंडेबुवा, झाकण उघडा!
करंडा उघडला, की टोपी निघेल.
टोपी निघाली, की वायर शिरेल.
वायर शिरली, की कीबोर्ड लिहील.
कीबोर्डने लिहिलं, की लॅपटॉप मिटेल.
लॅपटॉप मिटला, की दाणा पडेल.
दाणा पडला, की पिल्लं जेवतील."

करंडा म्हणाला, "आत्ता नाही, इतक्यात नाही! माझं झाकण लई घट्ट. एका हाताने उघडत नाही. एका हाताने धरायचं, एका हाताने फिरवायचं. आईचे दोन्ही हात सुटले, तर मी उघडेन."

ठमीचे पाय दुखले. सहाच्या सहा दुखले. पण बसून कसं चालेल? पिल्लं वाट बघत असतील. भांडतही असतील!

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आई खुर्चीत बसली होती. मांडीवर चैती. आईच्या एका हाताचा विळखा चैतीला. दुसरा हात चैतीच्या पाठीवर. थोप थोप, थोप थोप. आणि चैती? भ्याँ! भ्याँ! भ्याँ!

ठमी खुर्चीच्या दांडीवर चढली. मोठ्याने ओरडली,

"चैतीच्या आई, चैतीच्या आई, हात सोडवा!
आईचे हात सुटले, की करंडा उघडेल.
करंडा उघडला, की टोपी निघेल.
टोपी निघाली, की वायर शिरेल.
वायर शिरली, की कीबोर्ड लिहील.
कीबोर्डने लिहिलं, की लॅपटॉप मिटेल.
लॅपटॉप मिटला, की दाणा पडेल.
दाणा पडला, की पिल्लं जेवतील."

आई म्हणाली, "काय? कीबोर्ड बिघडला नाही? त्याला टोपी आहे? कीबोर्डला टोपी असते होय? मला कुणी सांगितलं नाही बाई!"

"मग उठा ना," ठमी म्हणाली.

"उठू कशी? आत्ता नाही गं, इतक्यात नाही! हिची दाढ येतेय. सकाळपासून मांडी सोडत नाही. खाली ठेवली की भ्याँ! चैती उतरली, तर माझे हात सुटतील."

आता राहिली चैती.

"चैतीबाळ, चैतीबाळ, खाली उतर!
चैती उतरली, की आईचे हात सुटतील.
आईचे हात सुटले, की करंडा उघडेल.
करंडा उघडला, की टोपी निघेल.
टोपी निघाली, की वायर शिरेल.
वायर शिरली, की कीबोर्ड लिहील.
कीबोर्डने लिहिलं, की लॅपटॉप मिटेल.
लॅपटॉप मिटला, की दाणा पडेल.
दाणा पडला, की पिल्लं जेवतील."

चैती म्हणाली, "नाई!"

"उतर ना गं."

"नाई! नाई! आई हवी! भ्याँ!"

झालं! आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नाही. ठमी मटकन खाली बसली. लांबून, भिंतीतून, बारीक आवाज आला. "आई गं, भूक..."

ठमीने डोळे पुसले. वर पाहिलं. समोर चैतीची टाच. गुलाबी गुलाबी. लोंबती.

चावू का? कडकडून चावू का?

छे! बाळ आहे ते. दाढ दुखतेय बिचारीची. माझ्या पिल्लाला कुणी चावलं तर?

ठमी चावली नाही. ठमी तळपायावर चढली. आणि चालायला लागली. टाचेकडून बोटांकडे. बोटांकडून टाचेकडे. हळू हळू.

गुदुगुदु, गुदुगुदु.

चैती गप्प झाली.

गुदुगुदु, गुदुगुदु.

चैतीने पाय ओढला. पाय हलवला.

गुदुगुदु, गुदुगुदु.

खुदुक! चैती हसली! खुदुखुदु हसली! "मुंई! मुंई!"

ठमी टुणकन खाली उतरली. फरशीवरून पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मुंई कुते?" चैती म्हणाली. आणि मुंगी बघायला...

चैती उतरली. धप्प!

आईचे हात सुटले. "हुश्श!"

करंडा उघडला. खुट्ट!

आईने कीबोर्डला कुंकू लावलं. बोटभर. टोपी म्हणाली, "आता कसं!" आईने नखाने उचकलं. टोपी निघाली. टप्प!

"इवलीशी टोपी!" आई म्हणाली. "आणि मी मेली सकाळी नुसती ढकलत बसले!"

वायर शिरली. खस्स!

कीबोर्डला दिवे लागले. लाल, हिरवे, निळे. लुकलुक, लुकलुक.

कीबोर्डने लिहिलं. खटक खटक, खटक खटक. 'चैतीला दाढ येतेय. फार रडली. आत्ता हसली. काळजी करू नका. लवकर या.'

आईने पत्र पाठवलं. वायर काढली. आणि...

लॅपटॉप मिटला. टक्!

आईने उचलला. फळीवर उभा केला. आणि...

दाणा पडला. टुपुक!

फळीवरून टेबलावर. टेबलावरून खाली. घरंगळत, घरंगळत, थेट चैतीच्या पायाशी.

अगं बाई!

चैतीने दाणा पाहिला. चैतीने दाणा उचलला. दोन बोटांच्या चिमटीत. आता चैती दिसेल ते तोंडात घालते. चमचा तोंडात. चप्पल तोंडात.

दाणा निघाला तोंडाकडे.

ठमी पुढे धावली. "चैतीबाळ," ती म्हणाली. "चैतीबाळ, दाणा!"

चैतीने दाणा पाहिला. चैतीने मुंगी पाहिली. दाणा पाहिला. मुंगी पाहिली.

मग चैती खाली वाकली. पोट टेकवून पालथी झाली. दाणा ठमीच्या पुढ्यात ठेवला.

"मुंई, घे. मम्."

"शहाणी गं माझी बाय!" आई म्हणाली.

ठमीने दाणा डोक्यावर घेतला. घट्ट धरला. या वेळी मधून नाही. वळसा घालून! तुरुतुरु, तुरुतुरु.

बिळाच्या दारात थांबली. मोजलं. एक. दोन.

दोनच?

तिसरं कुठंय? अरे देवा, तिसरं कुठंय?

तिसरं दोघांच्या मागे झोपलं होतं. ठमीने हलवलं. "ऊठ रे राजा, मम् आणलंय."

एक, दोन, तीन.

दाण्याचे तीन तुकडे झाले. मचमच, मचमच, मचमच.

पिल्लं जेवली. पोटं टम्म झाली. ठमीने भिंतीला पाठ टेकली. सहाही पाय पसरले. आणि म्हणाली,

"हुश्श!"