काठाशी येणारे मासे

“मग ते जातात कुठं, बुवा?”

सोमगीर बुवा डोहावरच्या देवीचे पुजारी. डोहाच्या काठाशी ते उकिडवे बसले होते. शेजारी चुरमुऱ्यांची टोपली.

“बारा हजार बोटुकली सोडली मी नदीत. बोटाएवढी, धडधाकट पिल्लं. तीन वर्षांत बारा हजार.”

“ऐकलं मी.”

“पहिल्या वर्षी मार्चच्या मोजणीत अकरा दिसले. दुसऱ्या वर्षी चार. या मार्चमध्ये एकही नाही.”

“हं…”

“हं काय, बुवा? हं ऐकायला मी दोन तास चढून आलेय?”

बुवा हसले. “मग दम तरी खा. बस.”

शर्वाणी बसली नाही.

काळंबी ही डोंगरातून उतरणारी लहानशी नदी. महाशीर हा तिचा मूळचा मासा. सोनेरी खवल्यांचा, प्रवाहाच्या उलट चढणारा. जाळी, सुरुंग आणि ब्लीचिंग पावडर यांनी त्याला खालच्या सगळ्या नदीतून संपवलं होतं. तो उरला होता फक्त या डोहात. डोह देवीचा होता, आणि देवीचे मासे कोणी धरत नसे. लोक नवस फेडायला येत, चुरमुरे टाकत, हात जोडून परत जात. बाकीचे दिवस बुवा टाकत. चाळीस वर्षं.

शर्वाणी या नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम पाहत होती. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी. तिनं दोन निकामी बंधारे फोडायला लावले होते. गावोगाव बैठका घेऊन ब्लीचिंग पावडर बंद करवली होती. बुवांच्या परवानगीनं डोहातल्या माद्यांची अंडी नेऊन खाली टाकीत पिल्लं वाढवली होती. पुस्तकात होतं ते सगळं तिनं केलं होतं, आणि नीट केलं होतं.

नदी स्वच्छ झाली होती. नदी रिकामी होती.

“पैसे देणाऱ्या संस्थेचं पत्र आलंय,” ती म्हणाली. “येत्या मार्चमध्ये मासे दिसले नाहीत तर काम बंद. टाकीत आता सहाशे पिल्लं आहेत. शेवटची सहाशे.”

“पाणी बघितलंस?”

“रोज बघते. तापमान, प्राणवायू, गाळ… या नदीचं मी मोजलं नाही असं काही उरलेलं नाही.”

बुवा उठले. काठावर त्यांची पावलं वाजली तशी डोहात हालचाल झाली. हातभर लांबीचे मासे वर आले आणि तोंडं उघडून त्यांच्या सावलीत गोळा झाले. बुवांनी मूठभर चुरमुरे टाकले.

“चल,” ते म्हणाले. “तुझी टाकी दाखव.”

•

बुवा डोह सोडून सहसा कुठं जात नसत. वाटेत सरपणाची मोळी घेऊन येणारी एक बाई त्यांना पाहून थबकली.

“अगं बाई! देवीला कुणाच्या भरवशावर टाकलंत, बुवा?”

“तिला कोण पळवतंय?” बुवा म्हणाले आणि चालत राहिले.

प्रकल्पाचं ठाणं म्हणजे नदीकाठची पत्र्याची खोली आणि तिच्यापुढे सिमेंटची लांबट टाकी. पूर्वी इथं तिघं होते. एकाला शहरात नोकरी लागली. दुसरा कंटाळून गेला. गेलं वर्षभर शर्वाणी एकटीच होती. खोलीत एक खाट, एक ताट, एक पेला.

टाकीजवळ आल्यावर तिचा चेहरा उजळला.

“बघा आता.”

तिनं टाकीच्या कडेवर बोटांनी टकटक केलं. सगळी पिल्लं एकदम तिच्याकडे वळली. पाणी उकळल्यासारखं झालं.

“नुसत्या माझ्या पावलांनीसुद्धा येतात. दिवसातून तीनदा माझ्या हातानं पेंड घालते. शंभरातली पंच्याण्णव जगतात इथं.” मग जरा हळू आवाजात ती म्हणाली, “संध्याकाळी मी बोलतेसुद्धा यांच्याशी. हसू नका.”

“मी कशाला हसू? मला का कमी सवय आहे?”

“मला ओळखतात ती.”

“फक्त तुला?”

“म्हणजे?”

बुवांनी हातातली काठी टाकीच्या कडेवर वाजवली. पिल्लं आली.

त्यांनी पायातली वहाण काढून वाजवली. पिल्लं आली.

मग त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांत अडकवले, तळवे पंखांसारखे पसरले आणि पाण्यावर धरले. टाकीत पाणकावळ्याची सावली पडली.

पिल्लं आली. तोंडं उघडून, एकमेकांना ढकलत, आधी पोचायची घाई करत.

शर्वाणी पाहत राहिली.

नदीत टपलेले पाणकावळे… बगळे… पाणमांजरं. आणि काठावर जाळं घेऊन उभा असलेला कुणीही माणूस.

“बारा हजार,” ती पुटपुटली.

बुवांनी हात खाली घेतले.

“मीच पाठवली. जो दिसेल त्याच्याकडे धावत जा, असं शिकवून पाठवली.”

बुवांनी काठी तिच्यापुढे धरली.

“आता काय करू?”

“काठी घे.”

“कशाला?”

“त्यांना तुझी भीती वाटली पाहिजे.”

“माझी?” ती उसळली. “अंड्यातून बाहेर पडताना पाहिलंय मी त्यांना! वीज गेली, पंप बंद पडला, तेव्हा दिवसभर बादलीनं पाणी वरखाली करत उभी होते. आणि माझीच भीती?”

“माणसाची. तू कुणी वेगळी आहेस?”

तिला राग आला. स्वतःचा, पण निघाला बुवांवर.

“आणि तुमचे? तुमचे तर हातातून खातात! बंधारे फोडून दोन वर्षं झाली. वरखाली सगळी नदी मोकळी आहे. तुमच्या डोहातला एक तरी मासा बाहेर पडलाय का? कशाला पडेल? तुम्ही बसलायत ना टोपली घेऊन! मी केलं ते तीन वर्षं केलं, बुवा. तुम्ही चाळीस वर्षं केलंत.”

बुवांनी वहाण पायात सरकवली. तिच्याकडे एकदा पाहिलं. मग चढणीची वाट धरली.

•

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माफी मागायला वर गेली.

बुवा काठावर उभे होते. आज टोपली नव्हती. तरी मासे जमलेच होते. सगळ्यांत पुढे एक मोठी मादी होती, एका बाजूचा पर फाटलेली. बुवा तिला थोरली म्हणत. डोहात तिच्याइतकं जुनं कुणी नव्हतं.

“बुवा, काल मी जे…”

त्यांनी हात वर केला. तिला वाटलं, गप्प राहा म्हणताहेत.

हातात दगड होता.

दगड थोरलीच्या तोंडापुढे पडला. पाणी उडालं. मासे पांगले… आणि परत आले. थोरली सगळ्यांत आधी.

बुवांनी दुसरा दगड उचलला.

सातव्या दगडानंतर डोह रिकामा दिसू लागला. थोरली तेवढी खोलात, अर्धी वळून, थांबली होती. बुवा आणखी एक दगड उचलायला वाकले. त्यांनी आठवा टाकला.

मग शर्वाणीकडे न पाहता ते म्हणाले, “आता तू जा.”

•

शर्वाणीनं टाकीभोवती बारदानं बांधली. पेंड आता बारदानामागून, बांबूच्या नळीतून पाण्यात पडे. घालणारा दिसत नसे. ती समोर आली की मात्र काठीनं पाणी झोडपत असे.

पहिल्या दिवशी पिल्लांना तो खेळ वाटला. ती काठीकडेच धावली.

तिसऱ्या दिवशी पिल्लं घुटमळू लागली.

पाचव्या दिवशी शर्वाणीनं काठी फेकून दिली आणि तासभर खोलीत बसून राहिली. मग बाहेर येऊन काठी उचलली.

संध्याकाळचं बोलणं तिनं बंद केलं. आता ठाण्यावर आवाज होई तो एक ताट आणि एक पेला घासल्याचा.

अकराव्या दिवशी ती टाकीपाशी गेली तेव्हा पाणी रिकामं दिसलं. सहाशे पिल्लं तळाशी, दगडांखाली, एकमेकांत घुसून बसली होती. तिनं कडेवर बोटांनी टकटक केलं. एकही हललं नाही.

त्याच दिवशी तिनं ती नदीत सोडली. दरवर्षी ती या वेळी फोटो काढत असे. सोडलेली पिल्लं बराच वेळ तिच्या पायांशी घोटाळत राहत. या वेळी बादली कलंडली आणि क्षणात पाण्यात नुसतं पाणी उरलं.

•

वर डोहावर लोक कुरकुरू लागले होते. बुवा वाटेतच बसत आणि आलेल्याच्या पिशवीवर हात ठेवत.

“अहो, नवस आहे आमचा. देवीचे मासे उपाशी ठेवता?”

“नदी आहे की त्यांना.”

“मग हे चार किलो चुरमुरे मी काय करू?”

“तिखटमीठ लाव आणि खा. पोराबाळांनाही दे.”

हिवाळ्यात एकेक मासा डोह सोडून गेला. कुणी वरच्या अंगाला, कुणी खाली. थोरली शेवटी दिसेनाशी झाली. गेली की मेली, ते बुवांना कळलं नाही.

•

मार्चमध्ये मोजणी झाली. माणसं तीन दिवस पाण्यात उतरत होती. फोडलेल्या बंधाऱ्यांच्या वर, खडकांच्या आडोशाला, एकशे चाळीस लहान महाशीर दिसले. दिसले म्हणजे, पळताना दिसले.

संस्थेनं काम आणखी पाच वर्षं चालू ठेवायचं ठरवलं.

ती बातमी घेऊन शर्वाणी डोहावर गेली. बुवा काठाशी बसले होते. समोर पाणी. तिची पावलं खडकावर वाजली, पण वर कुणी आलं नाही. देवळापुढच्या झाडाची पानं तेवढी पाण्यावर तरंगत होती.

“एकशे चाळीस, बुवा.”

“बरं झालं.”

“पाच वर्षं मिळाली.”

“बरं झालं.”

ती त्यांच्याशेजारी बसली.

“काल मी एकटीच बंधाऱ्यांच्या वर गेले होते,” ती म्हणाली. “एक दिसलं, कपारीत. वीतभर झालंय. मी हललेसुद्धा नाही, बुवा. श्वास धरून नुसती पाहत होते…”

“मग?”

“गेलं.”

वारा पडला होता. दोन्ही काठ त्या पाण्यात स्पष्ट दिसत होते, आणि एका काठावर बसलेली दोन माणसं.

“एकशे चाळीस आहेत,” ती म्हणाली. “आणि त्यांतला एकही माझा नाही.”

बुवांनी डोहावरची नजर काढली नाही.

“ह्याच्यासाठीच तर आली होतीस, पोरी.”