दिव्याला दिलेला निरोप

ऐका दीपमाउली, तुमची कहाणी. बायांनो, हातातल्या वाती बाजूला ठेवा, पदर सावरा आणि ऐका.

आटपाट गाव होतं. गावापुढं ओढा, ओढ्यापुढं घाट, घाटाखाली कोकण. त्या गावात धुरपाबाई म्हणून एक घोंगड्या विणणारी राहत होती. तिला एक मुलगा, त्याचं नाव म्हाळू. आई मागावर बसे, लेक घोंगड्या गाढवावर लादून गावोगाव विकी. वैशाखात म्हाळूचं लग्न झालं, सून घरात आली. तिचं नाव आवडी.

आवडी मेंढरांमागं वाढलेली. आज या माळावर, उद्या त्या माळावर. माहेरी घर नव्हतं म्हणून उंबरा नव्हता, उंबरा नव्हता म्हणून दिवा नव्हता. तीन धोंड्यांची चूल, तिचाच उजेड. निखाऱ्यांवर राख ओढली की दिवस सरला. बोलायला ती भित्री होती, पण सांगितलेलं काम मन लावून करी.

पावसाळाभर बसून धुरपाबाईनं एक घोंगडी विणली. काळीभोर, मऊ, काठाला पांढरी रेघ. दसरा झाला. म्हाळू ती घोंगडी घेऊन बाजाराला निघाला. वाटेत झाडाखाली एक बाई बाळंत झाली होती. अंगावर धड वस्त्र नाही, लेकरू कुडकुडतंय. म्हाळूनं घोंगडी मायलेकरांवर घातली आणि रिकाम्या हातानं घरी आला.

मग धुरपाबाईला राग आला. "चार महिने माझी बोटं सोलली, तेव्हा ती घोंगडी झाली. मला विचारलंस?"

"विचारायला घरी येईपर्यंत पोर गारठलं असतं, आई."

"लई मोठा दाता झालास. मग या घरात कशाला राहतोस? जा. मी मेले तरी दिवा लावायला येऊ नकोस."

शब्द तोंडातून गेला. म्हाळूनं गाढव सोडलं, उरलेल्या घोंगड्या लादल्या आणि घाट उतरून गेला.

तेव्हापासून धुरपाबाईनं माग बंद केला, दिवा लावणं बंद केलं, भिंतीकडं तोंड करून निजून राहू लागली. आवडी भाकरी पुढं ठेवी, सासू अर्धी खाई. म्हातारीच्या मनात लेक होता, पण ओठावर नाव येत नव्हतं. आवडीला वाटे, आत्ता कुठं मला उंबरा मिळाला. धनी आले नाहीत तर मी इथं कुणाची कोण?

मग पौर्णिमा सरली, अंधारा पंधरवडा आला, वसुबारस आली. धुरपाबाई अंथरुणातून म्हणाली, "सणाचं घर काळोखं ठेवू नये. दिवा लाव, गाईवासराला ओवाळ, आणि लगेच दिव्याला निरोप दे."

आता बायांनो, तुम्हांला ठाऊक आहे. दिवा विझव असं जाणतं माणूस म्हणत नाही. निरोप दे म्हणतात, म्हणजे शांत कर. पण आवडीला हे कोण सांगणार? तिला वाटलं, निरोप म्हणजे सांगावा. आत्याबाईंना लेकाला सांगावा धाडायचाय, तोंडानं बोलवत नाही, म्हणून दिव्याकरवी धाडतायत.

मग तिनं काय केलं? गाईवासराला ओवाळलं, दिवा उंबऱ्यावर ठेवला, समोर बसली. इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही. हळूच म्हणाली, "दीपमाउली, घाट उतरून जा. माझ्या धन्यांना सांग, आत्याबाई अर्धीच भाकर खातात. घरी या."

वारा नव्हता, पण ज्योत वाकली. कान द्यावा तशी वाकली. मग वातीवर लाल टिंब राहिलं आणि उजेड तेवढा उठला. अंगणातून गेला, बांधावरून गेला, दवावरून गेला, आणि जिथून गेला तिथलं गवत सोन्याचं होऊन पुन्हा गवत झालं. आवडी बघत राहिली. बघता बघता तिचा डोळा लागला.

पहाटे ज्योत वातीवर परत आली होती. आवडीच्या कानात म्हणाली, "ओढ्यापर्यंत गेले. वाट लांब, तेल थोडं. उद्या पुन्हा जाईन."

धनत्रयोदशी आली. सासू म्हणाली, "दिवा लाव, लगेच निरोप दे." आवडीनं तेल चार थेंब जास्त घातलं. म्हणाली, "माउली, धन्यांना सांग, माग बंद आहे. मागावर कोळ्यानं जाळं विणलंय. घरी या." ज्योत वाकली, उठली, गेली. ओढ्याच्या पाण्यात आपलीच दुसरी ज्योत पाडत गेली. घाटाच्या वळणावळणावर चमकत गेली. पहाटे परत आली, म्हणाली, "घाटमाथ्यापर्यंत गेले. खाली धुकं होतं."

त्या सकाळी धुरपाबाईनं मान वळवली. "का गं, तुला काल दिव्याला निरोप द्यायला सांगितला होता ना?"

"दिला की, आत्याबाई."

"मग हा अजून जळतोय कसा?"

"आत्ताच परत आलाय. दमलाय."

सासूनं सुनेकडं बघितलं. माळावरची पोर, थोडी खुळीच असायची, असं मनात म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

तो दिवस नरक चतुर्दशीचा. घरोघर उटण्याचा वास, घरोघर न्हाणी तापलेल्या. या घरात पाठीला तेल लावायला लेकच नव्हता. सांजेला आवडीनं दिवा लावला. पहिला निरोप सासूचा होता, दुसरा घराचा होता. तिसऱ्या दिवशी काय सांगावं? मान खाली घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "माउली, धन्यांना सांग, मी वाट बघते."

ज्योत अशी उठली की दाराची चौकट उजळली. ओढा ओलांडला, घाट ओलांडला, धुकं ओलांडलं. पहाटे परत आली ती केवढीशी होऊन आली. म्हणाली, "आवडे, त्याच्यापर्यंत गेले. नारळीखाली एकटा बसलाय. तुझा निरोप ऐकून त्यानं डोळे पुसले. पण म्हणाला, निरोप बायकोचा आहे. जा म्हटलंय आईनं. आईनं ये म्हटल्याशिवाय कसा येऊ? आता तुझ्या निरोपानं माझ्यानं जाववत नाही."

अमावास्या उजाडली. लक्ष्मीपूजनाचा दिवस. सासूपुढं मान वर करून आवडी कधी बोलली नव्हती. चुलीपाशी गेली, परत आली. तुळशीपाशी गेली, परत आली. तिसऱ्यांदा अंथरुणापाशी जाऊन बसली.

"आत्याबाई, दिव्याला तुम्हीच निरोप द्या. माझ्या निरोपानं ते येत नाहीत."

"कोण येत नाही?"

"धनी."

मग तिनं तीन दिवसांचं सगळं सांगितलं. धुरपाबाई उठून बसली. आधी तिला हसू आलं. "अगं खुळे, दिव्याला निरोप देणं म्हणजे दिवा शांत करणं. मी कुणाला सांगावा धाडला नव्हता."

आवडीचा चेहरा उतरला. जमिनीकडं बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हांला धाडायचाय."

एवढं ऐकलं आणि म्हातारीचं हसू गेलं. मग म्हणाली, "मला उठव."

सांज झाली. गावात ओळीनं पणत्या लागल्या, जसं आभाळ उतरून ओसरीवर बसलं. धुरपाबाईनं आपल्या हातानं वात वळली, आपल्या हातानं तेल घातलं, आपल्या हातानं दिवा लावला. उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "म्हाळू, ये." मग दिव्याच्या कानाशी तोंड न्यावं तशी वाकली आणि पुढं खूप बोलली. आवडीला पहिला शब्द ऐकू आला, पुढचे ऐकू आले नाहीत.

ज्योत उठली. जाता जाता आवडीला म्हणाली, "मुली, आज घरोघर मला लावतात आणि सांगतात, लक्ष्मीला घेऊन ये. लक्ष्मी लांब नसते, अंगणातच उभी असते. पण ती एकटी आत येत नाही. ज्याला आपण दार लावलं, त्याचा हात धरून येते." आणि गेली.

पाडव्याची पहाट झाली. दव पडलं होतं. ओढ्यापलीकडं गाढवाच्या गळ्यातली घंटा वाजली. मग ओढ्यात वाजली. मग अंगणात वाजली. म्हाळू दारात उभा राहिला, पण उंबरा ओलांडेना.

धुरपाबाईनं विचारलं, "माझा निरोप पोचला?"

"पोचला, आई."

"सगळा?"

"नाही. तू ये म्हणालीस तेवढा ऐकला. पुढचं दिवा बोलतच होता, तोवर मी गाढव सोडलं."

आवडी पदराआड हसली. धुरपाबाई म्हणाली, "पाटावर बस. पाणी तापलंय." म्हाळू उंबरा ओलांडून आत आला, पाटावर बसला. आईनं त्याच्या पाठीला तेल लावलं, उटणं लावलं. त्याचं तोंड पलीकडं होतं, म्हणून तिला बोलता आलं. म्हणाली, "मग उरलेला ऐक. घोंगडी दिलीस ते बरं केलंस. मी चुकले."

आई त्याच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवत होती. मग आवडीनं नवऱ्याला ओवाळलं, आणि त्या वर्षापासून त्या घरात कशाला उणं पडलं नाही.

म्हणून बायांनो, दिवाळीत उंबऱ्यावर एक दिवा जास्तीचा लावावा. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याचं नाव घ्यावं. दुसऱ्याच्या तोंडून नाही, आपल्या तोंडून निरोप द्यावा. त्या दिव्याला फुंकर घालू नये, तो आपला आपण शांत होऊ द्यावा. यंदा कुणी आलं नाही तर पुढल्या वर्षी लावावा, व्रत सोडू नये.

जशी आवडीला दीपमाउली पावली, तशी ती सांगणाऱ्याला पावो, ऐकणाऱ्याला पावो, आणि जो अजून वाटेवर आहे त्याला पावो. ही लांब वाटेची कहाणी चार शब्दांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.