लवंगेच्या तेलातला खडा

विश्वास कुणावर टाकावा, सांगा बरं? आपल्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्यावर, की भर पेढीवर ‘चुकलास’ म्हणणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

एकदा एक वृद्ध रत्नपारखी होता. त्याच्याकडे एक शिष्य शिकत होता. हात चांगला, पण डोकं तापट. गुरू त्याचं म्हणणं पावलोपावली खोडत असे, म्हणून तो सदैव धुमसत असे. अशात गावात एक परका व्यापारी उतरला. शिष्य जे बोलेल ते त्याला तत्काळ पटे. ‘तुमची नजर गुरूपेक्षा तेज,’ म्हणे. आठवड्यात दोघे एकजीव झाले. व्यापाऱ्याने त्याला एक टपोरा हिरा विश्वासाने आधीच हाती दिला. मोबदल्यात शिष्य संध्याकाळी आईच्या सोन्याच्या पाटल्या देणार होता. आईने त्या उतरवून त्याला दिल्या आणि उघडी मनगटं चोळत बसली.

गुरूचं तोंड बंद करावं म्हणून शिष्याने खडा पेढीवर आणला. गुरूने तो उचलला आणि लवंगेच्या तेलाच्या वाटीत टाकला. खडा दिसेनासा झाला.

“माझं बरं झालेलं तुम्हाला बघवत नाही,” शिष्य कडाडला. “कुठे घालवलात तो?”

“बोटं घालून बघ.”

खडा बोटांना लागला, डोळ्यांना दिसेना. गुरूने आपली हिऱ्याची अंगठी त्याच तेलात सोडली. तिचा हिरा तळाशी लखलखत राहिला.

“पाण्यात काठी मोडल्यासारखी दिसते ना? एका पदार्थातून दुसऱ्यात तिरपा शिरताना प्रकाश वळतो. त्या वळण्यामुळेच पारदर्शक वस्तूची कड आपल्याला कळते. काच आणि हे तेल प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात. तेलातून काचेत जाताना त्याला वळावंच लागत नाही, म्हणून काच हरवते, तुझ्या खड्यासारखी. हिरा त्याला फार जोराने वळवतो. बुडवला तरी कड सोडत नाही. आता सांग, त्या व्यापाऱ्याची कड तुला कधी लागली?”

“नाही,” शिष्य दात ओठ खात म्हणाला. “तुमची मात्र रोज बोचते, गुरुजी.” आणि कोपऱ्यातली काठी घेऊन उठला. “त्याचे दात पाडतो.”

“जरूर पाड. आधी पाटल्या आईच्या हातात घाल.”

पाटल्या परत चढवताना आईने विचारलं, “का रे?”

“गुरुजींनी माझं म्हणणं खोडलं,” तो म्हणाला. हे सांगताना त्याच्या आवाजात पहिल्यांदाच राग नव्हता.

मंडळी, कुणी खोडलं की आपण ते खातेवहीत दोष म्हणून त्याच्या नावे टाकतो. ते त्याच्या जमेला धरा. एवढी विनंती, हिशेब प्रामाणिकपणे ठेवा.